डोक्याची तपासणी

भिकुबाई नर्सना गप्प बसणं ठाऊक नव्हतं, आणि नेमकी न बोलणारी पोर त्यांच्याच वाट्याला आली.

त्र्याण्णव साली जळगावला त्यांचं प्रशिक्षण झालं. मुलांच्या मनाचे आजार ओळखायचे, पारखून सिद्ध झालेले उपचारच करायचे, दर आठवड्याला नोंद ठेवायची. धुळ्याजवळच्या आपल्या उपकेंद्रात परतून बाईंनी दवंडी पिटवली, सोमवारी मुलांचं मन तपासणार. कुणी फिरकलं नाही. "आमना घरमा कोनी येडं नई," म्हाताऱ्या मंजुळाबाईंनी दारातूनच सुनावलं. बाई भडकल्या. पुढच्या दवंडीत त्यांनी 'मन' काढून 'डोकं' घातलं, तर तेवीस आयाबाया पोरांचे केस मोकळे सोडून दारात. डोकं तपासणार म्हणजे उवा बघणार, हे गावाला पक्कं माहीत. बाईंनी ही चूक दुरुस्त केली नाही. फणी घेतली आणि उवा काढता काढता झोप, भीती, हट्ट, सगळं विचारून घेतलं.

मंजुळाबाईंची नात सुगंधा अशीच सापडली. सात वर्षांची पोर घरात अखंड बडबडे, शाळेत मात्र तोंडातून शब्द नाही. हजेरीला 'हजर' म्हणत नाही म्हणून मोतीलाल गुरुजी तिला रोज गैरहजर मांडत, आणि ती पहिल्या रांगेत बसलेली असे. दिवाळीनंतर तिचं नाव पटावरून कमी होणार होतं.

जबरदस्ती नाही, एकेक पायरी, असं प्रशिक्षणात शिकवलेलं. बाईंनी पायऱ्या उवांच्या केल्या. सुगंधानं उवा मोठ्यानं मोजायच्या. आधी घरी आजीच्या डोक्यात, मग रिकाम्या वर्गात आजीला बसवून, मग तिथंच बाईंच्या देखत. अहवालात उपचार म्हणून 'फणी' वाचून जिल्ह्याहून विचारणा आली. बाईंनी पोर कोणत्या आठवड्यात किती शब्द बोलली, त्याचा तक्ताच धाडून दिला.

शेवटची पायरी गुरुजींची. आपल्या दाट केसांचा त्यांना भारी तोरा. "सरकारी तपासणी आहे," बाईंनी ठोकून दिलं. गुरुजी वर्गासमोर मान खाली घालून बसले, सुगंधानं फणी फिरवली. एक बट उलगडली, मग दुसरी, मग तिसरी. बाईंचा जीव टांगणीला लागला. दिवाळीला चारच दिवस उरले होते.

"गुरुजी, तुमना डोकामा ऊ शे."

वर्ग खदखदून हसला. गुरुजी लालबुंद होऊन उठले, छडीकडे हात गेला, आणि मग कोण बोललं ते त्यांच्या ध्यानात आलं. छडी तिथंच राहिली. त्यांनी हजेरीपट उघडला.

"सुगंधा पितांबर."

"हजर."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. गुरुजींनी एका हातानं हजेरी मांडली. दुसऱ्या हातानं ते डोकं खाजवत होते.