गाईड हजर पाहिजेत

काकूंचा आवाज मुळातच मोठा. त्या फोनवर बोलत असल्या की पलीकडच्या माणसाला फोनची गरजच नाही, असं सर म्हणायचे, आणि काकू ते कौतुक समजून आणखी मोठ्यानं हसायच्या. अशा बाईला विद्यापीठानं गप्प केलं.

साथ आली, विद्यापीठाला टाळं लागलं आणि नवऱ्याचा, म्हणजे सरांचा, अख्खा भौतिकशास्त्र विभाग काकूंच्या मागच्या खोलीत राहायला आला. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, त्याच्याखाली दोन जाडजूड ग्रंथ, कपाटाच्या दारावर फळा. प्रयोगशाळा बंद, म्हणून सर मुलांना घरच्या घरी दोरीला कुलूप बांधून लंबक करायला लावायचे. नमुना म्हणून काकूंच्याच बाल्कनीचं कुलूप गेलं. तास चालू असला की कुकर लावायचा नाही, मिक्सरचं नाव काढायचं नाही. "तुमचं विद्यापीठ माझ्या स्वयंपाकघराच्या उरावर का बसलंय?" असं काकू कुजबुजत भांडायच्या. कुजबुजत भांडणं किती अवघड असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक! तरी त्या शिकल्या. दाराची कडीसुद्धा आवाज न करता लावू लागल्या.

मग सरांनाच ताप आला. ते मागच्या खोलीत एकटे, काकू बाहेर. दाराशी ताट ठेवायचं, टकटक करायची आणि बाजूला व्हायचं. बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरायला लागला, तेव्हा काकू दाराबाहेरूनच म्हणाल्या, "अहो, आता पुरे झालं. हॉस्पिटलात जायचं. भावोजींना गाडी आणायला सांगते."

"उद्या तिची व्हायवा आहे," सर आतून म्हणाले. "ती झाली की लगेच निघू."

ती म्हणजे सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी शेवटची विद्यार्थिनी; सर तिचे गाईड. प्रबंध केव्हाच लिहून झाला होता, तोंडी परीक्षा तेवढी साथीमुळे लांबत गेली होती. एका कॉलेजात तिची नोकरी ठरली होती, पण महिनाअखेर पदवी हातात असेल तरच. आणि विद्यापीठाचं काय सांगावं! वर्ग बदलले, परीक्षा बदलल्या, सह्यासुद्धा पडद्यावर व्हायला लागल्या, पण एक नियम होता तस्साच राहिला. व्हायवाला गाईड हजर पाहिजेत, आणि निकाल लागेपर्यंत त्यांनी तोंड उघडायचं नाही. गाईड नसतील तर व्हायवा रद्द.

"नुसतं गप्प बसायला तुम्हीच कशाला हवेत?" काकू उखडल्या. "तुमचा फोटो लावून ठेवा तिथे!" म्हटलं आणि त्यांनी स्वतःच जीभ चावली.

सर हसले. हसण्याचा खोकला झाला. "अगं, पोरीचा जन्म गेलाय त्यात. एका सकाळीत काय होतंय मला?"

हट्टाला पेटल्या असत्या तर काकूंनी त्यांना उचलून गाडीत घातलं असतं, तेवढी धमक होती त्यांच्यात. पण त्या पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि त्या विरघळल्या. दिराला उद्या दुपारी यायला सांगून त्यांनी हॉस्पिटलात न्यायची पिशवी भरली.

दुसऱ्या दिवशी व्हायवा सुरू झाली, तशा काकू बंद दाराबाहेर स्टुलावर बसल्या. लॅपटॉपमधून मुलीचा आवाज येत होता, आधी चाचरत, मग ठाम. मधूनमधून सरांचा खोकला. आपली अवस्था पोरीला दिसू नये म्हणून त्यांनी कॅमेरा बंद ठेवला होता. खोकल्याचा व्यत्यय नको म्हणून विभागातल्या ऑपरेटरनं त्यांचा माईकही बंद केला. हे काकूंना मागाहून कळलं.

थोड्या वेळानं खोकला थांबला. काकूंना हायसं वाटलं. टकटक करून विचारावंसं वाटलं, पण परीक्षकांचे प्रश्न चालू होते, मग त्या तशाच बसून राहिल्या. पडद्यावरच्या मंडळींना वाटलं, सर नियम पाळतायत. काकूंना वाटलं, गोळी लागू पडली.

शेवटी आतून कुणीतरी म्हणालं, "अभिनंदन, डॉक्टर!" टाळ्या वाजल्या. मग हसत हसत, "सर, आता तुम्ही बोला. आता तुम्हाला परवानगी आहे." पुन्हा हाक आली, "सर?"

काकूंनी टकटक केली आणि उत्तराची वाट न बघता, मास्क न लावता आत गेल्या. सर खुर्चीत होते, मान एका बाजूला. काकूंनी हात हातात घेतला. तो केव्हाचा गार पडला होता.

काकू ओरडल्या. जीव खाऊन ओरडल्या, सरांचे खांदे हलवत ओरडल्या. समोर चौकटीचौकटीतली माणसं हसत होती, कुणी अजून टाळ्या वाजवत होतं. एकालाही काही ऐकू गेलं नाही.

फोन वाजला. तीच होती, आनंदानं धाप लागलेली. "काकू, सरांचा माईक बंद आहे वाटतं! सांगा ना त्यांना. ऐकलं ना त्यांनी, मी पास झाले ते?"

काकूंनी सरांचा हात सोडला नाही. खोकला कधी थांबला होता, ते त्यांना पक्कं आठवत होतं. तेव्हा परीक्षा अर्धीसुद्धा झाली नव्हती.

"ऐकलं गं," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकलं त्यांनी."