लोटलेलं दार

तेलगावजवळच्या कापसाच्या जिनिंगवर मी मॅनेजर म्हणून गेलो, तेव्हा चार्ज द्यायला थांबलेले जुने मॅनेजर दुपारी लिंबाखाली हमालांबरोबर भाकरी खायचे. सगळे त्यांना दादा म्हणायचे. मला ते अजिबात पटलं नाही. मला साहेब व्हायचं होतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी मी केबिनचं दार लोटून एकट्यानं डबा खाल्ला. बाहेर ठेच्याचा वास आणि हसण्याचा गलका, आत मी आणि पंखा. महिन्याभरात साहेब झालो. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

ती नोकरी सुटून बरीच वर्षं झाली. परवा तिथल्याच एका हमालाच्या मुलीच्या लग्नाला गेलो. मांडवात पंगत बसली होती आणि म्हातारे झालेले दादा मधोमध मांडी घालून जेवत होते. तोच ठेच्याचा वास आला. मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसायला वाकलो. तेवढ्यात मुलीचा बाप धावत आला.

“साहेब, तुमी कावून खाली बसता? तुमचं ताट आत टेबलावर लावलंय.”

त्यानं मला आत बसवलं, पंखा लावला आणि जाताना आठवणीनं दार लोटून घेतलं.