बोटांनी शिकलेलं इंग्रजी

मंगळवार, सकाळचे आठ वाजून बावन्न मिनिटं. टेपबाईंनी तिसरी पँट उलटी करून टेबलावर पसरली आहे आणि पाठीमागच्या शिवणीचे टाके उसवायला घेतले आहेत. उजव्या हातात ब्लेड, डाव्या हाताच्या दोन बोटांत ताणून धरलेली शिवण, ओठांत सात टाचण्या. दुकान दहाला उघडतं. त्याआधी पाच कपडे वर जायला हवेत. आणि अकरा वाजता बाईंची परीक्षा आहे.

मोजायची टेप गळ्यातून कधी उतरत नाही म्हणून टेपबाई. वय एकोणपन्नास. तयार कपड्यांच्या या मोठ्या दुकानात त्या चौदा वर्षं अल्टरेशनचं काम करतात, म्हणजे विकलेला कपडा विकत घेणाऱ्याच्या अंगाला बसवून देतात. त्यांची खोली तळघरात, नऊ बाय बारा फुटांची. खिडकी नाही. दोन मशिनं, एक वाफेची इस्त्री, धाग्यांच्या रिळांचा एक लाकडी फळा आणि भिंतीवर घड्याळ. वरचे कपडे सामानाच्या लिफ्टमधून प्लास्टिकच्या टोपलीत खाली येतात. प्रत्येकाला सेल्समननं इंग्रजीत खरडलेली चिठ्ठी टाचलेली असते. टेक इन म्हणजे आत घ्या. लेट आउट म्हणजे सैल सोडा. टेक अप म्हणजे उंची कमी करा, लेट डाउन म्हणजे वाढवा. पुढे आकडा.

चौदा वर्षांत बाईंनी एकही गिऱ्हाईक पाहिलेलं नव्हतं. जुना कोट दुरुस्तीला आला की मात्र त्या आतलं अस्तर चाचपून सांगायच्या, "हा माणूस बॅग उजव्या खांद्याला अडकवतो," किंवा "याचं पोट सुटलेलं नाही, हा खुर्चीत घसरून बसतो." खरं की खोटं, हे तपासायला कोणी खाली येत नसे.

कापडावर टाचण्या लावायचं काम वर सेल्समन करायचा. माणूस भला, बोलण्यात पटाईत, शिवणकामात मात्र आनंदीआनंद. टाचण्या लावताना गिऱ्हाईक सरळ उभं असावं लागतं. हा गप्पा मारत लावायचा. गिऱ्हाईक मान वळवून हसायचं, कोट एका अंगाला सरकायचा, आणि बाईंच्या हातात पडायचं ते वाकडं माप. गेल्या सहा महिन्यांत परत आलेल्या कोटांची संख्या दुप्पट झाली. मग मुख्य कार्यालयाला जाग आली.

तीन आठवड्यांपूर्वी मॅनेजर जिना उतरून खाली आला. तो एरवी खाली येत नाही, त्यामुळे बाईंनी मशीन थांबवलं.

"तळघर बंद होतंय," तो म्हणाला. "शिलाई बाहेरच्या कारखान्यात जाणार. वर ट्रायल रूममध्ये एकच माणूस राहणार. टाचण्याही त्यानंच लावायच्या आणि गिऱ्हाइकाशीही त्यानंच बोलायचं."

"कोण?"

"तुम्ही किंवा तो."

"त्याला शिवण कळत नाही."

"तुम्हाला इंग्रजी बोलता येत नाही."

दोन्ही वाक्यं खरी होती, त्यामुळे वाद वाढला नाही. दुकानाच्या दोन्ही अंगांना हॉटेलं आहेत आणि निम्मं गिऱ्हाईक परदेशी असतं. निवड झाली नाही तर बाईंना कारखान्यात जागा होती. तिथे एका माणसानं दिवसभर एकच गोष्ट शिवायची असते. बाईंच्या वाट्याला पँटींचे कंबरपट्टे आले होते. कोट नाही, खांदा नाही, बाही नाही. सकाळी नऊपासून फक्त कंबरपट्टे.

"एकवीस दिवस आहेत," असं सांगून मॅनेजरनं एक छापील कागद दिला. 'गिऱ्हाइकांशी मोकळेपणानं बोलण्यासाठी चाळीस इंग्रजी वाक्प्रचार.' परीक्षेत यातले किती वापरले ते मोजणार होते.

घरी शिकवायला माणूस होतं. सासूबाई, वय शहात्तर, एका कचेरीत एकतीस वर्षं इंग्रजी टायपिस्ट. साहेबांचे हाताने लिहिलेले मसुदे समोर ठेवून त्यांनी हजारो पत्रं टाइप केली. त्यातलं एकही वाक्य त्यांना तोंडानं म्हणावं लागलं नाही. पण अर्थ त्यांना पक्के ठाऊक होते, आणि शिकवायची हौस दांडगी होती. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी चष्मा पुसला, कागद दिव्याखाली धरला आणि सुनेला समोर बसवलं.

"ओव्हर द मून. म्हणजे अतिशय आनंद झाला."

"चंद्राच्याही वर?"

"आपला आनंद गगनात मावत नाही ना? त्यांचा जरा पुढे जातो, एवढंच. पीस ऑफ केक. म्हणजे डाव्या हातचा मळ."

"शी! त्यापेक्षा केक बरा."

"कट कॉर्नर्स. कोपरे कापणं. म्हणजे अंग चोरून काम करणं."

टेपबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. "हे चूक आहे, आई."

"छापलंय इथे."

"छापू दे. कॉलर शिवली की टोकाचं जास्तीचं कापड कापावंच लागतं. नाहीतर उलटवल्यावर टोक बोथट येतं. जो कोपरा कापत नाही तोच अंग चोरतो."

सासूबाईंनी पेन्सिल घेऊन त्या ओळीसमोर बारीक अक्षरात लिहिलं : 'सुनेची हरकत.' कचेरीची सवय.

नऊ दिवसांनी हिशेब असा होता की चाळीसपैकी बाईंना सहा वाक्प्रचार येत होते, आणि सकाळपर्यंत त्यातले दोन गळायचे. बाईंचा नवरा फ्रीज दुरुस्त करतो. तो जेवताना म्हणाला, "आमच्या गॅसपेक्षा लवकर उडतात." त्याच्याकडे दोघींनी लक्ष दिलं नाही. क्रियापदांची तर वेगळीच तऱ्हा होती.

"पुट म्हणजे ठेवणं," सासूबाई सांगायच्या. "पुट ऑन म्हणजे अंगात घालणं. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं. पुट अप विथ म्हणजे सोसणं."

"ठेवता ठेवता सोसणं कुठून आलं?"

"विचारू नये. तू 'खाऊन टाक' म्हणतेस तेव्हा काय टाकतेस? 'बसून घे' म्हणतेस तेव्हा काय घेतेस?"

बाई विचारात पडल्या. "मग आपल्याकडे कोणी मराठी शिकायला आलं तर?"

"तर तेही असंच रडणार. पुढे चल."

दहाव्या दिवशी बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि चिठ्ठ्यांचा डबा उघडला. सेल्समनच्या जुन्या चिठ्ठ्या त्या फेकत नसत. मागच्या कोऱ्या बाजूवर मापं लिहायला उपयोगी पडायच्या. त्या वाचताना लक्षात आलं की इथली इंग्रजी क्रियापदं त्यांना कधीच पाठ करावी लागली नव्हती. टेक इन म्हटलं की चिमूट आपोआप जुळत होती. लेट आउट म्हटलं की ती सुटत होती. ट्राय ऑन, डू अप, कम ऑफ, वेअर आउट. घालून बघा, बटणं लावा, बटण तुटलं, कोपर झिजलं. सासूबाईंना यातली निम्मी नवीन होती. त्यांच्या एकतीस वर्षांच्या पत्रव्यवहारात कोणाची पँट आली नव्हती.

"मला गिऱ्हाईक कर," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता सासूबाई मुलाचा काळा कोट घालून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभ्या राहू लागल्या. कोट त्यांच्या गुडघ्यांपर्यंत यायचा. एक हात खिडकीच्या गजाला, हनुवटी वर, आणि हुकूम सोडणं सुरू.

"टेक इन!"

बाई वाकून उत्तर द्यायच्या आणि टाचणी लावायच्या.

"लेट डाउन द स्लीव्ह! लवकर! माझं विमान चुकतंय!"

बाई बाहीची दुमड सोडायच्या, उत्तर द्यायच्या, टाचणी लावायच्या. सासूबाई टाचणी कुठे लागली ते निरखून बघायच्या आणि "पास" म्हणायच्या. चुकली तर "पुन्हा टाइप करा." अकरा संध्याकाळी हे असं चाललं. एकदा शेजारीण साखर मागायला आली आणि दारातूनच परत गेली.

या अकरा संध्याकाळींत बाईंनी प्रत्येक वाक्य दोनशे वेळा तरी म्हटलं असेल. फक्त एक गोष्ट दोघींच्याही नजरेतून सुटली. बाई टाचण्या लावतात तेव्हा उरलेल्या टाचण्या त्यांच्या ओठांत असतात. तोंडातून निघायची ती नुसती गुणगुण. सासूबाई तर इंग्रजी कानांनी शिकल्याच नव्हत्या. टाचणी जागेवर आहे ना, मग वाक्य बरोबर.

परीक्षेच्या दिवशी पावणेअकराला सेल्समन खाली आला.

"ताई, इंग्रजी फाडायला लागलात म्हणे."

"आधी तू टाचलेलं उसवू दे. मग फाडते."

"मी सांगू का? काही समजलं नाही की 'शुअर' म्हणायचं. माझं चौदा वर्षं त्यावर चाललंय."

"म्हणूनच माझं चौदा वर्षं उसवण्यात गेलं."

तो हसला. निवड झाली नाही तर तो पट्टे आणि बुटांच्या काउंटरवर जाणार होता आणि त्याला बूट आवडत नाहीत, तरी हसला.

ट्रायल रूममध्ये गालिचा आहे आणि तीन आरसे. बाईंनी एकाच वेळी स्वतःला तीन बाजूंनी पहिल्यांदाच पाहिलं आणि नजर खाली वळवली. मॅनेजर कोपऱ्यातल्या खुर्चीवर यादी घेऊन बसला. सेल्समन पडद्यापाशी उभा राहिला. गिऱ्हाईक म्हणजे पन्नाशीची एक उंच, गोरी बाई. अंगात नवा राखाडी कोट. तो घालून तिला दुसऱ्या दिवशी दुपारी एका सभेत भाषण करायचं होतं. खांदे तिला रुंद वाटत होते आणि बाह्या तोकड्या. खांदे आत घेता येतील का, असं तिनं इंग्रजीत विचारलं.

प्रश्न बाईंना पूर्ण समजला. त्या वाकल्या, सवयीनं टाचण्या ओठांत धरल्या आणि उत्तर दिलं.

"सॉरी?" गिऱ्हाईक म्हणालं.

बाईंनी पुन्हा उत्तर दिलं. तीच गुणगुण. मॅनेजरचं पेन थांबलं. गिऱ्हाइकानं आरशातून सेल्समनकडे पाहिलं, आणि तो मदतीला एक पाऊल पुढे आला.

बाईंनी त्याला हातानं थांबवलं. मग टाचण्या एकेक करून ओठांतून काढल्या आणि स्वतःच्या बाहीत खोचल्या. सात टाचण्यांना वेळ लागला.

"शोल्डर," टेपबाई म्हणाल्या, "आय विल नॉट टेक इन."

आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. बाहेर शर्ट चाळणारी दोन माणसं वळून बघू लागली. का नाही, हे सांगायला बाईंकडे इंग्रजी नव्हतं. खांदा आत घेतला की बाहीची गोलाई बिघडते, आणि या कापडाला ते सोसणार नव्हतं. त्यांनी खांद्याची चिमूट धरली आणि गिऱ्हाइकाला हात वर करायची खूण केली. हात वर गेला, त्याबरोबर कॉलर कानापर्यंत चढली. गिऱ्हाइकानं तिन्ही आरशांत ते पाहिलं आणि खळखळून हसलं. भाषण करणारा माणूस हात वर करतोच.

"वेस्ट, आय विल टेक इन. देन कोट लुक स्मॉल. स्लीव्ह, आय विल लेट डाउन. वन सेंटिमीटर. मोअर क्लॉथ, नो." एवढं बोलून बाईंनी घाम पुसला. पुढची वीस मिनिटं त्यांनी टाचण्या लावल्या. दोनदा हात सवयीनं तोंडाकडे गेला आणि परत फिरला.

गिऱ्हाईक गेल्यावर मॅनेजरनं यादी वाचली. "चाळीसपैकी शून्य."

"हो."

"एकदाही हसला नाहीत."

"हसलं की टाचणी तिरकी जाते."

मॅनेजरनं सेल्समनला विचारलं, "तू खांदा घेतला असतास?"

"गिऱ्हाईक म्हणालं असतं तर घेतला असता," तो म्हणाला. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं असेल, तर तसं दिसलं नाही.

"आणि कोट परत आला असता." मॅनेजरनं यादीची घडी घातली. "एक महिना तुम्ही वर. मग बघू. पण तोंडात टाचणी दिसता कामा नये. मुख्य कार्यालयातलं कोणी बघितलं तर मलाच तळघरात पाठवतील."

"तळघर बंद होतंय ना?"

"तेच म्हणतोय मी."

संध्याकाळी सासूबाई कोट घालून तयारच बसल्या होत्या. आधी निकाल ऐकला, मग मुद्द्यावर आल्या.

"यादीतले किती वापरलेस?"

"एकही नाही."

"ओव्हर द मूनसुद्धा नाही?"

"नाही."

"मग मी अकरा दिवस स्टुलावर काय शोभेला उभी होते?"

"तुम्ही हलायच्या नाहीत, आई. आजची बाई सारखी हलत होती."

ही प्रशंसा आहे की काय, याचा सासूबाईंनी क्षणभर विचार केला. मग कोट काढून खुंटीला लावला आणि यादी मागितली. महिनाभराची मुदत आहे, रोज दोन केले तरी चाळीस होऊन वर वेळ उरतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. आजपासून मात्र उत्तरं त्या पलीकडच्या खोलीत बसून ऐकणार आहेत. ऐकू आलं तर पास.

तळघरातली मशिनं शनिवारी कारखान्यात जातील. ट्रायल रूमच्या नोंदवहीत उद्या, बुधवारी, पहिली वेळ सव्वादहाची आहे : दोन पँटी, एक कोट. टेपबाईंनी साडेनऊला वरच्या मजल्यावर हजर व्हायचं आहे.