देवघेवीची खुर्ची

विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या दोघींना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. दोघी जावा. घरी थोरली वरच्या मजल्यावर, धाकटी खालच्या. इथे मात्र देवघेवीच्या टेबलाशी कोपराला कोपर लावून बसायच्या. थोरली पुस्तकं परत घ्यायची, धाकटी द्यायची. आपसांत मात्र शब्दाचीही देवघेव नव्हती.

कारण म्हणाल तर एकच शब्द. थोरलीचा नवरा लांबलेल्या आजारपणानं गेला, तेव्हा धाकटी दारातच म्हणाली, "सुटले हो मोठे भाऊजी!" दुखण्यातून सुटले, असं धाकटीचं म्हणणं. थोरलीनं ऐकलं ते, बायकोच्या तावडीतून. झालं, बोलणं संपलं.

जिथं भिंतीभिंतीवर 'शांतता राखा' लिहिलेलं, तिथं अबोला सहज खपून जातो. अडलंच तर थोरली समोरच्या विद्यार्थ्याला म्हणायची, "त्या बाईंना विचार, माझा शिक्का कुणी पळवला?"

"सांग त्यांना, कोपराखाली बघा. डोळे दिलेत देवानं."

अशात फलकावर बातमी लागली. पुस्तकं देण्याघेण्याचं यंत्र येणार. टेबलाशी एकच जण राहील, दुसरीनं तळघरात जुन्या मासिकांचे गठ्ठे सांभाळायचे. तळघराचा जिना उभा, आणि थोरलीचे गुडघे घरचाच जिना चढताना रडवत.

ग्रंथपाल दोघींना म्हणाले, "घरच्या घरात ठरवा आणि उद्या मला नाव सांगा."

संध्याकाळी धाकटीचा नवरा वर आला. "वहिनी, एकदा तुमच्या तोंडानं तिला सांगा, गुडघे दुखतात म्हणून. ती जाईल खाली."

"तिच्यापुढे पदर पसरू?"

"पदर कशाला? नुसतं सांगा."

"तुमच्या बायकोला म्हणावं, घे ती खुर्ची आणि उशाशी घेऊन झोप!"

दीर खाली गेला. थोड्या वेळानं खालून भांडं आदळल्याचा आवाज आला. निरोप पोचला होता.

सकाळी ग्रंथपालांनी विचारलं, "मग, कोण जातंय?"

थोरली खिडकीकडे बघत राहिली, धाकटी पंख्याकडे. 'मला वर राहू द्या' एवढंच म्हणायचं होतं. पण ते धाकटीच्या देखत मागायचं?

ग्रंथपालांनी चष्मा काढून डोळे टिपले. "कळलं मला. एकमेकींना मागं टाकून वर राहायचं नाही, हेच ना? टेबलाशी नवीन कुणी बसेल. तुमची ताटातूट मी नाही करणार. जा, दोघीही जा!"

दुपारी फलकावर नवी बातमी लागली: 'जिव्हाळ्याचा आदर्श'. थोरलीला तो कागद टराटरा फाडावासा वाटला.

ती कठडा धरून, एकेका पायरीला कण्हत तळघरात उतरली. खाली एक लांबट टेबल, दोन स्टुलं आणि धूळ. निरोप न्यायला चिटपाखरू नव्हतं.

"सगळं तुमच्या ताठ्यापायी," धाकटी गठ्ठा आपटून म्हणाली. "काल एक शब्द बोलला असतात तर मी एकटीनं आले असते."

"एक शब्द तूच बोलून बसली होतीस."

"अहो, दुखण्यातून म्हटलं होतं मी!"

"खोटारडी!" थोरलीनं आपलं स्टूल खरवडत दूर ओढलं. "तोंड तिकडे कर. मला तुझ्याशी बोलायचं नाही."