दीनानाथ होवाळची उन्हाळी सेवा

दीनानाथ बळवंत होवाळ हा माणूस मला कधीही आवडला नाही, हे आरंभीच नमूद करतो, म्हणजे वाचकाला माझे मत ओळींच्या मधून शोधत बसावे लागणार नाही.

आमच्या प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळीवर, म्हणजे चर्चवर, बिशप नसतो. सभासदांनी मते देऊन निवडलेले एल्डर आणि उपासना चालवणारे पाळक मिळून कारभार पाहतात, आणि त्यांच्या सभेला सेशन म्हणतात. केंद्र सरकारच्या सचिवालयात चौतीस वर्षे टिपणे लिहून मी निवृत्त झालो, तेव्हा फरीदाबादच्या आमच्या मंडळीने मला सेशनचा चिटणीस केले. मंडळी लहान, साठेक कुटुंबांची. त्यांतली वीस मिरज, सांगली, कोल्हापूरकडची. बाकीची पंजाब आणि उत्तर प्रदेशातली. उपासना हिंदीत होई. इतिवृत्त मी दोन्ही भाषांत लिहीत असे, कारण एका भाषेत लिहिलेले दुसऱ्या भाषेतल्या लोकांना ऐकलेच नव्हते असे वाटते, हा माझा अनुभव आहे.

दीनानाथ मिरजेचा. त्याचे वडील बळवंतराव दवाखान्यात कंपाउंडर होते आणि तिथल्या मंडळीचे बावीस वर्षे एल्डर. त्या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, असे मला जुन्या लोकांनी सांगितले आहे. मुलाने ती कसर भरून काढली. डिप्लोमा करून तो बहात्तर साली फरीदाबादेत ट्रॅक्टरचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागला. एकवीस वर्षांनी कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, तेव्हा अर्ज करणाऱ्यांत हा पहिला. देशाची दारे उघडली होती म्हणे. त्यातून जे वारे आले त्यात दीनानाथ जमिनीचा दलाल झाला. नव्या सेक्टरांतले प्लॉट, गुडगावकडच्या न बांधलेल्या इमारतींतले फ्लॅट, असे काहीबाही तो विकू लागला. कमरेला पेजर आला. तो बहुधा सभेच्या आरंभीच्या प्रार्थनेतच वाजे, आणि वाजला की दीनानाथ आजूबाजूला पाहून खेद दर्शवणारे स्मित करी. त्या स्मितात खेद अजिबात नसे.

मंडळीत तो ‘सेवा’ करी. ही सेवा नेहमी बाहेर असे. आत उपासना चालू असताना बाहेर मांडवाची दोरी कोणीतरी ताणायला हवी, गाड्या कोणीतरी सरळ लावायला हव्यात, हलवायाला कोणीतरी ओरडायला हवे. ते सर्व दीनानाथ करी. त्याने आपल्या जुन्या कारखान्याच्या भंगारातून एक जनरेटर मिळवून मंडळीला दिला होता. उन्हाळ्यात फरीदाबादची वीज सकाळी दहाला जाते आणि उपासनाही दहालाच सुरू होते. तेव्हा देणगी उपयोगी होती, हे मी नाकारत नाही. परंतु ते यंत्र कसे सुरू करायचे हे त्याने कोणालाही शिकवले नाही. चौकीदाराने विचारले, मी स्वतः दोनदा विचारले.

“काका, ये मशीन सिर्फ मेरा हाथ पहचानती है,” तो म्हणे, आणि खिशातला स्क्रू-ड्रायव्हर थोपटी.

सत्त्याण्णव साली जूनच्या पंधरा तारखेला, रविवारी, मंडळीची वार्षिक सभा होती. एल्डरची एक जागा रिकामी होती, आणि ती दीनानाथला हवी होती. नुसती हवी नव्हती. त्याच्या मुलीचे, केतकीचे, लग्न नोव्हेंबरात कोल्हापुरात ठरले होते आणि पत्रिकेचा मसुदा त्याने मला एप्रिलमध्येच दाखवला होता. त्यात ‘एल्डर दीनानाथ बळवंत होवाळ’ असे ठळक अक्षरांत होते.

“निवडणूक जूनमध्ये आहे,” मी म्हणालो.

“हो काका, पण छापखान्याला वेळ लागतो ना. आणि व्याही मंडळींना मी सांगून टाकलंय. बाबांचं नाव तिकडे सगळ्यांना माहीत आहे, यार. मुलगा काय नुसता प्रॉपर्टी डीलर?”

मला ‘यार’ म्हणणारा तो एकटाच सभासद होता.

आता उन्हाळी बायबल शाळेविषयी. जूनमध्ये दहाबारा दिवस मुलांना गीते, वचने आणि थोडे हस्तकाम शिकवण्याची आमच्याकडे प्रथा आहे. अकरा वर्षे ती शाळा सुमित्राबाई साठे चालवीत. त्या निवृत्त परिचारिका, विधवा, बोलण्यात काटकसरी. नव्वद मुले येत, त्यांतली निम्मी जवळच्या कामगार वस्तीतली. सतरंज्या, पेटी, वचनांची कार्डे आणि अकरा वाजता कैरीचे पन्हे, एवढा सरंजाम. शिवाय फाटकाशी, कडुलिंबाखाली, त्या मार्चपासून पाण्याचे चार माठ ठेवीत. समोर कंपन्यांच्या बसचा थांबा होता. उन्हाळ्यातली गरम लू वाहत असताना पाळी बदलणारे कामगार तिथे पाणी पीत.

मे महिन्यातल्या सभेत दीनानाथ उठला. “इस बार कुछ बड़ा करते हैं,” त्याने जाहीर केले, आणि मग मराठी बाकांकडे वळून म्हणाला, “सुमित्राबाई, तुमचं काम बिल्कुल फर्स्ट क्लास आहे. पण लोकांना दिसलं पाहिजे.”

“मुलं दिसतात की,” सुमित्राबाई म्हणाल्या. “आंघोळ घालून पाठवा म्हणावं आयांना, आणखी छान दिसतील.”

लोक हसले. दीनानाथही हसला, आणि हसता हसता शाळेचा संयोजक झाला. कोणी ठराव मांडला नाही, अनुमोदन दिले नाही. इतिवृत्तात मी तसे नोंदवले आहे.

मग साठ पिवळे टी-शर्ट आले. पाठीवर इंग्रजीत ‘व्हॉलंटियर’, आणि त्याखाली लहान अक्षरांत दीनानाथच्या दुकानाचे नाव. सगळे एकाच मापाचे. शिकवायला येणाऱ्या कॉलेजच्या मुली त्यात पावसाळी तंबूंसारख्या दिसत. पन्हे गेले, बाटलीतले थंड पेय आले; पहिल्या दिवशी निम्म्या मुलांनी ते आयुष्यात प्रथमच प्यायले आणि वचने म्हणताना ढेकरा दिल्या. माठांमुळे फाटकाची शोभा जाते म्हणून दीनानाथने ते मागे न्हाणीघराजवळ हलवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी फिरायला निघालो, तेव्हा सुमित्राबाई एकेक माठ कडेवर घेऊन परत कडुलिंबाखाली आणत होत्या. गार राहावेत म्हणून माठांना ओली फडकी गुंडाळण्याची त्यांची रीत होती. त्या दिवशी एका माठाला पिवळे फडके होते. जवळ जाऊन पाहिले, तर त्यावर ‘व्हॉलंटियर’ असे लिहिलेले.

“माझ्या मापाचा नव्हता,” त्या म्हणाल्या. “ह्याला बरोबर बसला.”

याच सुमारास मी माझे काम केले. आमची घटना, कलम सतरा, असे सांगते की वर्षातली चारही प्रभुभोजने सबळ कारणावाचून चुकवणाऱ्या सभासदाला त्या वर्षी मत देता येत नाही आणि निवडणुकीला उभे राहता येत नाही. प्रभुभोजन आमच्याकडे जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी असते. त्या विधीत भाकर आणि द्राक्षरस घेणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे मी वहीत खूण करतो. अपात्रांची यादी सभेपूर्वी चौदा दिवस व्हरांड्यातल्या फलकावर लावायची. कोणाला कारण सांगायचे असेल तर त्या चौदा दिवसांत लेखी सांगायचे. एक जूनला उपासनेनंतर मी यादी लावली. तिच्यात पाच नावे होती. चौथे नाव दीनानाथचे होते.

कोणाला यात डाव दिसेल, म्हणून सांगतो. त्याच दुपारी शाळेची तयारी चालू असताना मी त्याला विचारले होते, “फलकावरची यादी पाहिलीस का?”

तो शिडीवर चढून कापड बांधत होता. “काका, यादीत काय बघायचं? आपलीच माणसं आहेत सगळी. चलो, जरा ते दुसरं टोक धरा ना.”

मी धरले नाही. माझे वय सत्तरीपुढचे होते. त्याचे कारण विचारात घेऊन सेशनने त्याचे नाव यादीतून कमी केले असते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण अर्ज आला असता तर मी तो सभेपुढे ठेवला असता. अर्ज आला नाही.

पंधरा जूनला सभा भरली. पाळकसाहेब, मूळचे जालंधरचे गृहस्थ, अध्यक्षस्थानी. दीनानाथने नवा सफारी शिवला होता. पत्नी वृंदा शेजारी. त्या बाईंना मी कधी मान वर करून बसलेले पाहिले नव्हते, त्या दिवशी पाहिले. दीनानाथच्या दुकानातला भागीदार श्याम याने त्याचे नाव सुचवले. दुसरे नाव हणमंत देवकुळे यांचे आले. हे रेल्वेतले कारकून प्रवचनात नियमाने झोपत, पण झोपायला का होईना, नियमाने येत.

मी उभा राहून कलम सतरा वाचले, मग वहीतली नोंद वाचली. श्री. दीनानाथ होवाळ : जुलै, अनुपस्थित. ऑक्टोबर, अनुपस्थित. जानेवारी, अनुपस्थित. एप्रिल, अनुपस्थित.

 

“अनुपस्थित?” दीनानाथ ओरडला. “मी? काका, मी तर प्रत्येक रविवारी इथे असतो! सगळ्यांच्या आधी येतो! जुलैमध्ये जनरेटर कोण बघत होतं?”

“तू. मात्र सुरू केल्यावर तो आपोआप चालतो. त्याच्याजवळ उभे राहावे लागत नाही.”

“ऑक्टोबरमध्ये गाड्या? जानेवारीत नव्या वर्षाचं जेवण? एप्रिलमध्ये मांडववाला पैसे वाढवून मागत होता, त्याच्याशी मी भांडत होतो. मंडळीसाठीच ना? मी बाहेर सेवा करत होतो!”

त्यावर मी उत्तर देणार होतो. पण मागच्या बाकावरून सुमित्राबाई बोलल्या, बसूनच.

“अरे दीनानाथ, मीही बाहेरच असते. घंटा झाली की माठावर झाकण ठेवते नि आत येते.”

“यह साज़िश है,” तो पाळकसाहेबांकडे वळला. “मुझे किसी ने बताया ही नहीं.”

“होवाल जी, सूची तो चौदह दिन से टंगी है।”

“कहाँ टंगी है? दिखाइए!”

तेव्हा सगळी मंडळी उठून व्हरांड्यात गेली. सभेचे काम तहकूब न करता सभासदांनी जागा सोडल्याची माझ्या दप्तरातली ही एकमेव नोंद. भिंतीवर उन्हाळी शाळेचा दहा फुटी कापडी फलक होता. त्यावर सूर्य, हसणारी मुले, आणि कोपऱ्यात ‘संयोजक : दीनानाथ होवाळ’. हणमंतरावांनी त्याची कड उचलली. खाली सूचनाफलक, त्यावर माझी यादी, चारही टाचण्या जागच्या जागी. बाहेरच्या सूचना उन्हाने पिवळ्या पडतात. ही कोरी करकरीत राहिली होती.

दीनानाथने यादीवर बोट ठेवून पाचही नावे वाचली. आपल्या नावाशी तो थांबला आणि ते त्याने पुन्हा वाचले, जणू दुसऱ्या वाचनात ते बदलेल. तेवढ्यात पेजर वाजला. त्याने सवयीने स्मित केले.

“चला आता,” वृंदाबाई हळूच म्हणाल्या. “पुरे झालं.”

“पत्रिकेचं काय करू?” तो त्यांना म्हणाला. एवढ्या सगळ्यात त्याला आठवली ती पत्रिका. त्या क्षणापर्यंत माझ्या मनात किंचित दया उपजली होती. तिचे पुढे काही झाले नाही.

हणमंत देवकुळे बिनविरोध एल्डर झाले. आभार मानायला उठवावे लागले.

दीनानाथ मंडळी सोडून जाईल, असा बहुतेकांचा अंदाज होता. श्याम तर सांगत फिरत होता की गुडगावात वातानुकूलित हॉलमध्ये नवी मंडळी सुरू झाली आहे, तिथे कदर आहे. पण सहा जुलैला, प्रभुभोजनाच्या रविवारी, मी पावणेदहाला वही घेऊन आत गेलो तर दीनानाथ आधीच पहिल्या बाकावर बसलेला. सफारी तोच. पेजर काढून ठेवलेला. हाती गीतपुस्तक, उघडलेले; कोणते गीत हे त्याला ठाऊक नसावे, कारण पुस्तक अनुक्रमणिकेवर उघडलेले होते.

दहाला घंटा झाली आणि दहा वाजून सहा मिनिटांनी वीज गेली.

पंखे थांबले. बाहेर बेचाळीस अंश. लोकांनी काही काळ वाट पाहिली, मग एकेकाची नजर पहिल्या बाकाकडे वळू लागली. चौकीदार दारातून डोकावून म्हणाला, “होवाल साहब, जनरेटर?” दीनानाथने मान हलवली नाही. पाळकसाहेब कपाळ पुसत म्हणाले, “कोई भाई ज़रा...” आणि तेही त्याच्याकडे पाहू लागले. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर मला माझ्या जागेवरून दिसत होता. दीनानाथ गीतपुस्तकाच्या अनुक्रमणिकेत पाहत राहिला.

एक तास दहा मिनिटे मंडळी त्या उकाड्यात बसली. देवकुळेकाकूंना घेरी आली, त्यांना दोघींनी बाहेर नेले. सुमित्राबाई मधेच उठून गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन परत आल्या. वर्षात एकदाच त्यांनी घंटेनंतर जागा सोडली, आणि भाकर फिरायच्या आत त्या बसलेल्या होत्या. दीनानाथने भाकर घेतली. द्राक्षरस घेतला. डोळे मिटले. घाम त्याच्या नाकाच्या टोकावरून गीतपुस्तकावर ठिबकत होता.

आशीर्वचन झाले. लोक बाहेर माठांकडे धावले. दीनानाथ उलट, माझ्याकडे आला.

“काका, लिहिलंत ना?”

“लिहिले.”

“दाखवा.”

मी वही उघडून त्याला त्याच्या नावापुढची खूण दाखवली. त्याने चष्मा लावून ती नीट पाहिली, एकदा नव्हे, दोनदा. आणि मग स्क्रू-ड्रायव्हर काढून तो जनरेटरकडे गेला.