सुताची तापी आणि गणेशचं गाणं

पॉवरलूमखाली सुताचे तुकडे साचतात ना, तसे किस्से साचतात. कुणी मुद्दाम गोळा करत नाही, पण एक दिवस वाकून बघावं तर पोतंभर! माझं पोतं भरलं ते बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात. मी तिथे मराठी शिकवायचे. मध्य प्रदेशातलं कॉलेज, मराठीला मुलं मोजकीच, त्यामुळे जे काम कुणालाच नको ते "महाजन मॅडम रिकाम्या आहेत" म्हणून माझ्या गळ्यात पडायचं.

तेव्हा वरून एक नवा शब्द आला होता, एकात्मिक शिक्षण. अपंग असोत, परदेशी असोत, सगळ्यांना सामावून घ्या. लगेच एक सहाय्य कक्ष निघाला. प्रमुख अर्थातच मी! विद्यार्थी दोन. एक गणेश, तापीकाठच्या केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्मापासून आंधळा. दुसरा टांझानियाचा जोसेफ. इंदूरला जागा भरल्या म्हणून त्याला आमच्याकडे धाडलेलं. आणि कक्ष कुठे, तर दुसऱ्या मजल्यावर, वळणाच्या जिन्याच्या टोकाला.

"वहाँ शांति रहती है, मॅडम," प्राचार्य म्हणाले.

राहणारच! तिथवर पोचतंय कोण!

* * *

जोसेफला मी शनवारा मोहल्ल्यात एका काकूंकडे खोली मिळवून दिली. पहिल्या आठवड्यात सगळी गल्ली त्याला बघायला यायची. तो ओट्यावर दात घासायला आला की पोरं, बाया, सायकलवाले, सगळे उभे. बिचारा ब्रश तोंडात धरून सगळ्यांना नमस्कार करायचा.

काकू भडकल्या. लाटणं घेऊन बाहेर आल्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "पाहुणा हाये तो माझा! सर्कस हाये का इथं?"

गल्ली पांगली. मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी माणूस शहाणं निघालं.

दुसऱ्या दिवशी जोसेफ कॉलेजात आला तो हसतच. सकाळी काकूंनी त्याचं दार वाजवलं होतं. मागे एक बाई नवी साडी नेसून उभ्या होत्या. काकू म्हणाल्या, "बेटा, ये मेरी बहन है. नेपानगर से आई है. खास तेरे को देखने."

* * *

गणेश आणि जोसेफची पहिली भेट माझ्या समोर झाली. मी आपली काळजीत, आता काय बोलावं, कसं बोलावं. हे दोघं हात हातात घेऊन उभे. गणेशनं सरळ विचारलं, "सब बोलते, तू बहुत काला है. सच्ची?"

जोसेफ म्हणाला, "हाँ. बहुत."

"मेरे को भी घर में काला ही बोलते," गणेश म्हणाला. "मेरे को तो मालूमच नहीं क्या होता है. तेरे को समझे तो बता देना."

जोसेफ बराच वेळ हसला. मग हसू थांबलं तरी त्यानं गणेशचा हात सोडला नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

* * *

परदेशी मुलांची नोंद एका सरकारी कार्यालयात करावी लागायची. तिथल्या बाबूनं जोसेफला सांगितलं, तुला ओळखणारा एक स्थानिक माणूस आण. जोसेफला स्थानिक माणूस एकच माहीत. तो गणेशला घेऊन गेला.

बाबू कामात बुडालेला. मान वर न करता त्यानं गणेशला विचारलं, "यही जोसेफ है?"

गणेश म्हणाला, "आवाज से तो यही लग रहा है, साहब."

बाबूनं "पहचान हुई" म्हणून शिक्का मारला!

* * *

आता गणेशच्या दुखण्याकडे येते. आंधळा म्हटला की गाणारच, हे आपल्याकडे ठरलेलं. प्रवेशाच्या दिवशीच प्राचार्यांनी फर्मावलं, "बेटा, संगीत ले लो."

"सर, मले भूगोल पाह्यजे," गणेश म्हणाला.

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गणेशकडे. भूगोलच का रे बाबा?

तर त्याच्या अंगणातून केळीचे ट्रक भरून निघायचे. ड्रायव्हर खाटेवर बसून गप्पा मारायचे. शिवपुरीचा घाट, ग्वाल्हेरची थंडी, दिल्लीची मंडी. हे लहानपणापासून त्या पोराच्या कानावर. तो म्हणाला, "मॅडम, आमची केळी दिल्ली पाहून राहिली अन् मी नेपानगरच्या पुढं गेलो नाही. कुठं जातात ते मले समजाले पाह्यजे."

मी प्राचार्यांशी भांडले. भूगोलात नकाशाचं प्रॅक्टिकल असतं, ते हा कसा करणार, हा त्यांचा मुद्दा. शेवटी तोडगा निघाला. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला पास झाला तर भूगोल पुढे चालू. नापास झाला तर मुकाट्यानं संगीत.

आणि खरी मेख तर पुढेच होती. गणेश गायचा भयंकर! म्हणजे सूर डावीकडे, तर हा उजवीकडे. पण कॉलेजात कुठलाही कार्यक्रम असो, पाहुणा कुणीही असो, गणेशला माईकपुढे उभं करायचे. तो गायचा आणि हॉल टाळ्यांनी दणाणायचा. बाया पदर डोळ्यांना लावायच्या. सगळे म्हणायचे, काय देणगी आहे! मीसुद्धा टाळ्या वाजवल्यात. खोटं कशाला बोलू.

जोसेफनं ते गाणं पहिल्यांदा ऐकलं स्वातंत्र्यदिनाला. कार्यक्रम संपल्यावर गणेशला बाजूला घेऊन तो म्हणाला, "गणेश भाई, तुम गाना मत गाओ. बहुत खराब."

मला वाटलं, आता पोरगं रडणार. गणेशनं जोसेफला मिठीच मारली. "मले माहीत होतं!" तो माझ्याकडे वळून ओरडला. "मॅडम, मले कवापासून शक होता! कुणी सांगेच ना!"

मी त्या दिवशी घरी गेले आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून ओट्यावर बसले. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, आम्ही सगळे फार प्रेमळ आहोत, तेच झालं.

* * *

मग नकाशा. हाताला कळेल असा नकाशा करायचा ठरलं. गल्लीतल्या लूमवरून मी सूत मागून आणलं. तापीसाठी मुद्दाम सुंदर निळं सूत निवडलं, नर्मदेसाठी फिकट निळं. मोठ्या कौतुकानं गणेशच्या हातात दिलं.

त्यानं ते बोटांत फिरवलं. "मॅडम, हे दोन्ही सारखेच. निळ्याचं काय करू? नर्मदा जाड पाह्यजे."

मी कपाळावर हात मारला!

डोंगरासाठी तुरीची डाळ घेतली. चिकटवायला लूमवरचीच खळ, म्हणजे सुताला लावतात ती मैद्याची पेज. जोसेफनं रात्रंदिवस खपून पुठ्ठ्यावर डोंगर उभे केले. सोमवारी सकाळी तो जिना उतरून धावत आला. "मॅडम! सातपुडा चूहा खा गया!"

खरंच! विंध्य शाबूत, सातपुडा साफ! मग सुताराकडचा पांढरा डिंक आणला आणि डाळीऐवजी तापीतली खडी. जोसेफ इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचायचा, त्याच्या मोडक्या हिंदीत समजावायचा, गणेश बोटं फिरवायचा. गाव सापडलं नाही तरी जोसेफ त्याचं बोट धरून तिथे न्यायचा नाही. "ढूँढो," म्हणायचा आणि हाताची घडी घालून बसायचा. मला राहवायचं नाही, मी पुढे व्हायचे, तर गणेशच म्हणायचा, "मॅडम, तुम्ही बसा ना."

परीक्षा जवळ आली तसा मी देवाला नारळ बोलले. हा पास झाला नसता तर त्याला जन्मभर पेटीपुढे बसवलं असतं आणि जन्मभर टाळ्या वाजवल्या असत्या. मला त्या टाळ्यांचीच भीती वाटायची.

* * *

प्रॅक्टिकलचे परीक्षक बाहेरगावचे. वयस्कर, चष्मेवाले, सज्जन. आंधळा विद्यार्थी बघून तेच बिचारे घाबरले. प्राचार्य मुद्दाम येऊन शेजारी बसले होते. मी दाराशी, जोसेफ बाहेर खिडकीशी.

"तापी दिखाओ, बेटा," परीक्षक हळूच म्हणाले.

गणेशचं बोट मुलताईला, तापीच्या उगमाला टेकलं आणि सुतावरून निघालं. वाटेत बुऱ्हाणपूरला क्षणभर थांबलं, मग थेट समुद्रापर्यंत गेलं. परीक्षकांनी चष्मा वर केला. त्यांना मजा वाटू लागली. नर्मदा विचारली, सातपुडा विचारला. मग म्हणाले, "अच्छा, बुरहानपुर का केला दिल्ली कैसे जाता है?"

"खंडवा, इंदौर, देवास, गुना, शिवपुरी, ग्वालियर, आगरा," गणेशचं बोट खडीवरून सुसाट निघालं. दिल्लीला पोचल्यावर म्हणाला, "सर, ढाबे भी बताऊँ?"

परीक्षक मोठ्यानं हसले. "बहुत बढ़िया! बहुत बढ़िया!" त्यांनी पेन उघडलं, गणेशकडे मायेनं बघितलं आणि म्हणाले, "बेटा, अब एक भजन हो जाए."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी काहीतरी बोलणार, एवढ्यात गणेश म्हणाला, "सर, पहले नंबर लिख दीजिए. फिर गाता हूँ."

परीक्षकांनी हसत हसत नंबर लिहिले, खाली सही केली.

"लिख दिए, सर?"

"लिख दिए."

गणेश उठून उभा राहिला. खिडकीशी जोसेफनं दोन्ही कानांत बोटं घातली. गणेश गायला. मन लावून, पूर्ण भजन, एकही कडवं न गाळता.

गाणं संपलं. प्राचार्यांचे हात टाळीसाठी वर आले होते, पण शेजारी परीक्षक दगडासारखे बसलेले बघून ते तसेच हवेत राहिले. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बेटा," ते म्हणाले, "तुम भूगोल ही करो."