पाकिटावरचा चेहरा

मी एका मुलीला तिच्या वडिलांच्या चेहऱ्याची लाज वाटायला लावली. मी कॉलेजात पॅकेजिंग डिझाइन शिकवतो. घरच्या मसाल्याचं नवं पाकीट करताना ऋतुजाने त्यावरचा वडिलांचा फोटो तसाच ठेवला होता. मी वर्गासमोर म्हणालो, "हार तेवढा घालायचा राहिला!" वर्ग हसला. पुढच्या वेळी तिने फोटो काढून टाकला आणि मी तिला शाबासकी दिली.

काल वाण्याच्या दुकानात एक आजी मसाला घेत होत्या. "हा नको रे, तो मिशीवाला दे."

"आजी, हा जास्त चांगला आहे," वाणी म्हणाला.

"असेल बाबा. पण तो माणूस ओळखीचा आहे."

मसाला, पापड, लोणचं विकणारी माणसं पाकिटावर स्वतःचा फोटो छापतात, ती मला अडाणी हौस वाटत आली. काही बिघडलं तर याच तोंडाला जाब विचारा, असं ती सांगत असतात हे मला कधी सुचलं नाही. मी मात्र थट्टा करून वर्गाच्या हसण्यात लपलो होतो.

आज भर वर्गात मी ऋतुजाची माफी मागितली. ती हळूच म्हणाली, "बाबांनी विचारलं होतं, सर, माझा फोटो का काढून टाकलास म्हणून."

"काय सांगितलंस?"

"जागा पुरत नव्हती, असं सांगितलं."

मी तिला तिथेच वडिलांना फोन लावायला सांगितला. पलीकडून आवाज आल्यावर नाव सांगितलं आणि म्हणालो, "जागा होती. मीच तिला तुमचा फोटो काढून टाकायला लावला. मला क्षमा करा."